नाणेघाटातील घराणे आणि रक्तातील गोतावळा

जुन्नरहून घाटघरच्या वाटेने पश्चिमेस गेले म्हणजे नाणेघाटाच्या माथ्याशी एक लेणे लागते. त्याच्या मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या. मूर्ती आता नाहीत. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. परंतु त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे टिकली आणि अभ्यासकांनी ती वाचली. राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका व तिचा पती राजा श्री सातकर्णी, काही राजकुमार, आणि याच ओळीत महारठी त्रणकयिर. हा महारठी म्हणजे नागनिकेचा पिता, असे बहुतेक विद्वान मानतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कौटुंबिक चित्रात राजाचा सासरा मानाने उभा होता, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. कारण पुढे आपल्याकडे ज्या वंशावळी लिहिल्या गेल्या, त्यांत सासरा आढळत नाही, आई आढळत नाही, आणि मुलगी तर क्वचितच.

याचे कारण उघड आहे. मराठेशाहीत पाटिलकीचा वा देशमुखीचा तंटा उभा राहिला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. त्यात मूळ पुरुषापासून पिढ्या सांगितलेल्या असत. मग गोत बसे. ‘गोत’ या शब्दाचा अर्थ तेव्हा केवळ नातलग एवढाच नव्हता. गावचे व परगण्याचे वतनदार, बलुतेदार, शेजारगावचे पाटील अशा जाणत्या माणसांची ती न्यायसभा होती, आणि तिच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. कोणाची वंशावळ खरी व कोणाची रचलेली, हे गोताने ठरवावयाचे. वतन बापाकडून मुलाकडे जाणार, म्हणून वंशावळीत बाप आणि मुलगे तेवढे आले. ज्या कामासाठी ती लिहिली ते काम तिने चोख केले. पण दुसऱ्या कामासाठी ती हाती घेतली की अर्धे घर त्यात नाही असे ध्यानात येते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या बाडांतून, आणि विसाव्या शतकात निघालेल्या कित्येक कुलवृत्तान्तांतून, सुनांची माहेरे थोडीफार भरून निघाली आहेत. परंतु ती सर्व जातींच्या वाट्याला सारखी आलेली नाहीत. मीननेर, कुकडनेर, घोडनेर या खोऱ्यांच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांना कुलवृत्तान्त कोणी छापून दिलेला नाही. तेथे वंशावळ म्हाताऱ्यांच्या तोंडी होती.

आता या विषयात एक नवे साधन आले आहे. नळीत थुंकी घालून, किंवा गालाच्या आतून बोळा फिरवून तो कंपनीकडे धाडला, की काही आठवड्यांनी आपल्या डीएनएशी ज्यांचा डीएनए जुळतो अशा माणसांची यादी हाती येते. एकट्या एका अमेरिकन कंपनीकडे दोन कोटींहून अधिक लोकांनी अशी तपासणी करून घेतली आहे. यादीत कधी शेकडो नावे असतात, कधी हजारो. प्रत्येकासमोर एक आकडा. सेंटिमॉर्गन या मापात तो दिलेला असतो, आणि दोघांच्या डीएनएचा किती भाग सारखा आहे हे तो सांगतो. आईबाप व मूल यांच्यात हा आकडा सुमारे ३,४०० ते ३,५०० भरतो. सख्ख्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांत तो सरासरीने साडेआठशेच्या आसपास असतो. त्यांच्या मुलांमध्ये आपसांत सव्वादोनशेच्या आसपास, आणि त्यांच्याही मुलांमध्ये पंचाहत्तरच्या आसपास. त्यापुढे दैवाचा खेळ सुरू होतो. पाच पिढ्यांवरचे खापरपणजे एकच असूनही दोघांमध्ये डीएनएचा एकही मोजता येण्याजोगा तुकडा सारखा निघू नये, असे सुमारे निम्म्या वेळा घडते.

नाणेघाटात नावे आहेत, देह गेले. येथे नेमके उलटे झाले आहे: जिवंत माणसे हजाराने पुढे उभी, आणि आपण त्यांचे कोण लागतो याचा पत्ता नाही. आकडा एवढेच सांगतो की, हा मनुष्य तुमचा दूरचा भाऊ आहे. आईकडून की बापाकडून, आजोबांच्या आईकडून की आजीच्या बापाकडून, हे तो सांगत नाही.

ही गर्दी लावावी कशी, याची एक सोपी युक्ती अमेरिकेतील डॅना लीड्स या बाईंनी २०१८ साली मांडली. यादीतून ४०० ते ९० सेंटिमॉर्गनपर्यंतची माणसे निवडावयाची. पहिल्याला एक रंग द्यावयाचा. त्याच्याशी आणि तुमच्याशी, दोघांशीही जी माणसे जुळतात त्यांनाही तोच रंग. मग जो पहिला बिनरंगी राहिला त्याला दुसरा रंग. असे करीत गेले म्हणजे, घराणी एकमेकांत मिसळलेली नसतील तर, शेवटी चार रंगांचे चार ढीग पडतात, आणि ते चार ढीग म्हणजे चार आजी-आजोबांच्या चार बाजू. चारशेच्या वरची माणसे का वगळावयाची, हे मराठी माणसास सांगणे इंग्रजापेक्षा सोपे आहे. इंग्रजीत चुलत, आते, मामे, मावस या सर्वांस मिळून एकच शब्द, आपल्याकडे चार. चुलतभाऊ आणि आतेभाऊ आजोबा व आजी या दोघांचाही नातू असतो, म्हणून त्याच्यावर एकदम दोन रंग चढतात आणि निवड होत नाही. एक पायरी दूरचा भाऊ मात्र एकाच बाजूचा असतो.

हाताने करण्याचे हे काम लवकरच यंत्राकडे गेले. हॉलंडमधील एव्हर्ट-यान ब्लोम यांनी ‘जेनेटिक अफेअर्स’ या नावाने जे साधन केले, त्यातील ‘ऑटोक्लस्टर’ हा भाग २०१९ साली मायहेरिटेज या कंपनीने आपल्या ग्राहकांना उपलब्ध करून दिला. यंत्र करते ते एवढेच: प्रत्येक माणसाशी बाकीचे कोणकोण जुळतात याचे कोष्टक मांडते, ज्यांच्या याद्या एकमेकींसारख्या त्यांना शेजारी आणते, आणि पुन्हा पुन्हा रांगा हलवून शेवटी एक चौकोनी पट तयार करते. त्या पटाच्या कर्णावर रंगीत चौकड्या उमटतात. एकेक चौकडी म्हणजे नात्याचा एकेक पुंजका, आणि पुंजक्यातील माणसांचा बहुधा एखादा समाईक पूर्वज. चौकड्यांबाहेर पडलेल्या करड्या खुणा म्हणजे दोन पुंजक्यांशी नाते सांगणारी माणसे. यंत्राला नावे कळत नाहीत, गावे कळत नाहीत. कोण कोणाशी जुळतो एवढेच कळते. त्या पुंजक्यातील एखाद्याची वंशावळ ठाऊक असली, तरच त्या चौकडीला नाव मिळते. म्हणजे शेवटी गाडी कागदापाशी किंवा म्हाताऱ्यांपाशीच येऊन थांबते.

युरोपातून अमेरिकेस गेलेल्या कुटुंबांत, जेथे चार आजी-आजोबा चार देशांचे असू शकतात, तेथे ही चित्रे फार देखणी निघतात. जुन्नर-आंबेगावातील एखाद्या घराचे चित्र कसे निघेल? आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक जातींत आहे. समजा, एखाद्याची आई ही त्याच्या बापाच्या मामाची मुलगी. म्हणजे त्याची बापाकडची आजी आणि आईकडचे आजोबा हे सख्खे बहीणभाऊ झाले. मग त्याचे पणजी-पणजोबा आठ न राहता सहाच राहिले, आणि लीड्सबाईंच्या चार रंगांपैकी दोन एकमेकांत मिसळून तीनच उरले. शिवाय त्या मिसळलेल्या बाजूचा जो दूरचा भाऊ, तो दोन वाटांनी नातलग असल्याने त्याचा आकडा सव्वादोनशेऐवजी साडेचारशेकडे जाईल आणि मोजपट्टीच्या बाहेरच पडेल. एका लग्नाने एवढे होते. अशी लग्ने तीन-चार पिढ्या होत गेली असली, तर काय होईल त्याची कल्पना करावी.

साट्यालोट्याच्या लग्नाचे तर याहून नाजूक. एका घरचे बहीण-भाऊ दुसऱ्या घरच्या भाऊ-बहिणीस दिले, तर त्यांची मुले एकमेकांची आतेभावंडेही होतात आणि मामेभावंडेही. त्यांचा सुमारे एक चतुर्थांश डीएनए सारखा असतो, आणि तेवढाच तो सावत्र भावंडांतही असतो. कंपनीच्या यादीत अशा भावापुढे ‘सावत्र भाऊ’ असा शेरा आला, आणि घरात कोणी तो वाचला, तर चार चांगल्या माणसांच्या शीलावर उगाच बालंट यावयाचे! या दोहोंत फरक करता येतो. दुहेरी नात्याच्या भावंडांत काही ठिकाणी डीएनएच्या दोन्ही प्रती जुळतात, सावत्र भावंडांत एरवी तशा जुळत नाहीत. जेडमॅचसारख्या ठिकाणी हे तपासून पाहता येते. पण त्याआधी घरातील लग्ने कशी झाली हे विचारणे अधिक सोपे व अधिक सभ्य, असे आमचे मत आहे.

वरील दोन्ही चाली घराघरांतल्या झाल्या. त्यांच्याखाली याहून मोठी गोष्ट पसरलेली आहे: जातीतल्या जातीत लग्न. हार्वर्ड आणि हैदराबाद येथील संशोधकांनी २०१३ साली असे दाखविले की, भारतातील निरनिराळ्या लोकांचे मोठ्या प्रमाणावरील मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले, आणि त्यानंतर ते आटत गेले. या काळाचे अलीकडचे टोक म्हणजे आपल्या लेण्यांचा काळ होय. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. मनमोडी डोंगरातील लेखात नहपान या शक क्षत्रपाचा अमात्य अयम आपले वत्स गोत्र सांगतो. यवन, शक आणि ब्राह्मण एकाच डोंगरात दाने देत होते. त्यांच्यात सोयरिकी किती झाल्या हे लेख सांगत नाहीत. त्या यवनांचे रक्त आजच्या कोणा जुन्नरकराच्या अंगात असेल काय, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. असेलही, पण सत्तर-ऐंशी पिढ्यांपूर्वीच्या एका माणसाचा वाटा पुंजक्यांच्या साधनाने शोधून काढणे अशक्य आहे. या साधनाची दृष्टी पाच-सहा पिढ्यांपलीकडे नीट पोचत नाही. म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरच्या काही दशकांपर्यंत.

२०१७ साली दक्षिण आशियातील २६३ गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८१ गट असे निघाले की, थोड्या पूर्वजांपासून वाढून आत आत लग्ने केल्याचा ठसा फिनलंडच्या व पूर्व युरोपीय ज्यू लोकांहूनही त्यांच्यात अधिक गडद आहे. आणि या ८१ गटांत दहा लाखांहून मोठ्या लोकसंख्येचेही चौदा गट आहेत. अशा समाजातील दोन माणसे अनेक अंगांनी थोडी थोडी नातलग असतात. आकडा मोठा दिसतो, पण तो बारीक बारीक तुकड्यांची बेरीज असतो. यंत्राचा पट अशा वेळी चार सुबक चौकड्या दाखवीत नाही. एकच भला मोठा चौकोन आणि सभोवार करड्या खुणांची भुकटी दिसते. तेव्हा नवख्याने खालची मर्यादा वाढवावी, एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा किती आहे तिकडे लक्ष द्यावे, आणि शक्य तर घरातील वडीलधाऱ्यांची तपासणी आधी करावी. आई किंवा मावशी हिच्याशी जो जुळतो तो आईकडचा, एवढी वाटणी झाली तरी अर्धे काम झाले.

माणसांचे असे पुंजके पाडण्याचे काम पुण्यास काही नवे नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी दोन गटांमधील ‘अंतर’ मोजण्याची रीत काढली, आणि संयुक्त प्रांतातील मोजमापांवर ती लावून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली अहवाल प्रसिद्ध केला. इकडे डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ १९५१ साली काढला. पुढे इरावतीबाईंनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना १९६८ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या हाती डीएनए नव्हता. डोक्याची लांबी, नाकाची रुंदी, रक्तगट एवढीच सामग्री होती. परंतु त्यांचा आग्रह लक्षात ठेवण्याजोगा आहे. कुंभार म्हणविणारे निरनिराळे गट हे एकाच मूळ जातीचे फुटलेले तुकडे असलेच पाहिजेत, असे त्या मानीत नसत. सारख्या धंद्यामुळे एका नावाखाली आलेले ते वेगवेगळे नातेगट असू शकतात, असे त्या म्हणत. लग्न जेथे होते तो खरा गट, नाव हे वरचे.

मराठी बोलणाऱ्यांपैकी एका समाजाच्या बाबतीत मात्र डीएनएने परंपरेला प्रत्यक्ष उत्तर दिले आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून आपण वाढलो, ही बेने इस्राएलांची कथा. कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी काम न करणाऱ्या या लोकांस ‘शनिवार तेली’ म्हणत. अमेरिका व इस्राएल येथील संशोधकांनी २०१६ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या रक्तात मध्यपूर्वेतील ज्यूंचा वाटाही भरीव आहे आणि भारतीय वाटाही भरीव आहे. दोहोंचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे. ज्यू वाटा अधिक करून पुरुषांकडून आलेला, स्थानिक वाटा अधिक करून स्त्रियांकडून. सात जोडप्यांच्या कथेला यातून जशाच्या तशी पुष्टी मिळत नाही, पण परक्या मुलखातून आल्याची त्यांची आठवण खरी ठरते. येथे एक बारकावा आहे: मिश्रणाची वेळ म्हणजे येण्याची वेळ नव्हे. आणि हे उत्तर साऱ्या समाजाचे आहे. अमुक घराण्याचा पणजा कोण, हे त्यातून निघत नाही. आज इस्राएलात असलेल्या बेने इस्राएल कुटुंबांना पुंजक्यांच्या पटावर तोच एक मोठा चौकोन दिसावयाचा.

आता ज्या प्रश्नासाठी आमच्या भागातील पुष्कळ लोक या विषयाकडे वळतात, त्याकडे येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कोतवाल बुके, गाव नमुना नंबर १४, जुन्या शाळांचे दाखले बाहेर आले. मोडी वाचणाऱ्यांस चांगले दिवस आले. नोंद पणज्याच्या नावाची, अर्जदार पणतू. मध्ये जोडणारी वंशावळ हवी. डोंगरपट्ट्यात हा प्रश्न फार जुना आहे. जातपडताळणी समित्यांची रीत ज्या निवाड्याने घालून दिली, तो सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ सालचा निवाडा महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरचाच होता. अशा वेळी कागद न सापडलेला मनुष्य विचारतो: रक्त तपासून जात सिद्ध होत नाही काय?

होत नाही. कारणे साधी आहेत. पुंजक्यावर जातीचे नाव लिहिलेले नसते. त्यातील दोघांनी आपली जात अमुक म्हणून सांगितली, म्हणून तिसऱ्याची ती ठरत नाही. पडताळणीत बापाकडचे रक्तनाते विचारले जाते. पुंजके आईकडचे व बापाकडचे सारख्याच तोलाने धरतात. कायदा दत्तक मुलाला दत्तक बापाच्या कुळात घेतो, डीएनए घेत नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. वंशावळ त्यांना भोसले म्हणते, रक्त घाटगे म्हणेल, आणि दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. देवक, चालीरीती, बोली यांवरून जमात ओळखण्याची जी कसोटी आहे, तीही निर्णायक नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. जुन्या कागदाचे वजन अधिक. म्हणून ज्याच्या घरी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत पडला आहे, त्याने नळीत थुंकण्यापूर्वी ती पेटी उघडावी.

कंपन्यांच्या बाबतीतही थोडे सांगितले पाहिजे. २०२३ साली ट्वेन्टीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली, आणि त्यातील ज्यू व चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विकावयास मांडण्यात आल्या. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच वर्षी तिचा कारभार नव्या मालकीकडे गेला. आपल्या नळीबरोबर भावाबहिणींचा, मुलांचा, अजून न जन्मलेल्या नातवंडांचाही काही भाग जातो. एकाने दिलेली संमती सर्व गोतावळ्याला बांधून टाकते, आणि महजरावर जशा गोताच्या साक्षी पडत तशा येथे कोणी घेत नाही.

मग या साधनाचा उपयोग कोणास? ज्यांचा कागदाचा धागा तुटला आहे त्यांस. इंग्रजी अमदानीत कोकणातून मॉरिशसला करारावर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या आगमनाच्या नोंदी आहेत, पण पुढे कित्येकांची आडनावे बदलली वा गळाली. तेथील एखाद्या घराचा पुंजका आणि इकडच्या एखाद्या घराचा पुंजका जुळला, तर नोंदीतले गाव कोणते हे ठरविण्यास आधार मिळेल. दत्तक गेलेल्या मुलांना, फाळणीत वा साथीत घर हरवलेल्यांना हेच लागू आहे. मात्र त्यासाठी इकडच्या गावातील कोणीतरी तपासणी केलेली असली पाहिजे, आणि त्याला आपली वंशावळ ठाऊक असली पाहिजे.

ठाऊक असण्याचे दिवस झपाट्याने जात आहेत. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले आणि त्याची माणसे पांगली. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीणवर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यांच्याबरोबर कोणाच्या किती पिढ्यांची नावे गेली, ते मोजणार कोण? घोडेगाव, मंचर, जुन्नर, ओतूर येथील शाळांत मुलांकडून जी ‘आमचे कुटुंब’ म्हणून वंशावळ लिहून घेतात, तिच्यात एक रकाना वाढविला तर पुष्कळ होईल: प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव, माहेरचे गाव आणि तिच्या बापाचे नाव. त्रणकयिराची जागा तीच आहे.